समतोलात न बसणारा पाडा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मी 'रक्त तपासणाऱ्या मॅडम' म्हणून ओळखली जाते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी अजून कोणी ना कोणी साखरेचा नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन दारात उभं असतं. मी चष्मा लावते, आकडे वाचते आणि डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगते. यापेक्षा जास्त मला त्यातलं कळत नाही. मी ज्या रक्तावर आयुष्य काढलं त्यात साखर किती आहे, हे कोणालाच जाणून घ्यायचं नसायचं. ते कोणाचं आहे, एवढाच प्रश्न असायचा.

मी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, डीएनए विभागात विश्लेषक होते. नाव भारदस्त आहे. काम बरंचसं ओट्यापाशी उभं राहून करायचं. पोलीस ठाण्यांतून लाखेचं सील मारलेली पाकिटं येतात. आत कापडाचा तुकडा, दात, नखं, कधी हाड. पोलिसी भाषेत हा सगळा मुद्देमाल. माणूस आमच्यापर्यंत येत नाही, त्याचा मुद्देमाल येतो; आणि ते बरंच असतं. 

काही माणसं मात्र घरी येत. सातपूरला छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ आईला आणि पेढ्यांच्या पुड्याला सोबत घेऊन आले होते. गृहस्थांचा मुलगा गोरा झाला होता आणि घरात कोणीच गोरं नव्हतं, म्हणून 'गुपचूप तपासून द्या' अशी विनंती होती. असं गुपचूप काही होत नाही, कोर्टाचा नाहीतर पोलिसांचा कागद लागतो, हे मी सांगितलं, आणि पुडा परत केला. जाता जाता आजीबाईंना त्यांच्या स्वतःच्या आईचा रंग विचारला. त्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघत म्हणाल्या, "माझी आई गोरीच होती." ते गृहस्थ आता भेटले की मुलगा अगदी माझ्यावर गेलाय म्हणून सांगतात.

अशा गमतीच्या गोष्टी विचाराल तर दोन-चार आहेत. पण लिहायला बसल्यावर मला आठवतो तो सुरगाण्याच्या बाजूचा एक पाडा. त्याचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत.

ती गोष्ट कळायला आमचा हिशेब थोडा समजून घ्यावा लागेल. फार अवघड नाही. माणसाच्या डीएनएत काही ठरावीक जागा असतात, त्या जागांवर आम्ही खुणा वाचतो. प्रत्येक जागेवर दोन खुणा, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा, एखादी खूण समाजातल्या त्या जागेवरच्या शंभर खुणांत दहा वेळा सापडते. मग ती आईकडून येण्याची शक्यता दहात एक, बापाकडून येण्याची दहात एक, आणि दोन्हीकडून तीच येण्याची शंभरात एक. अशा सगळ्या जागांच्या शक्यता एकमेकींना गुणत गेलं की आकडा इतका लहान होतो की कोर्टात तो वाचून दाखवताना वकीलही खाली बघतात. असा दुसरा माणूस अब्जावधींत मिळणार नाही, असं जे आपण ऐकतो ते हेच.

पण हा गुणाकार करायची मुभा फुकट मिळत नाही. ती मिळते ती वस्ती समतोलात आहे असं धरल्यावर. वस्ती खूप मोठी असावी. लग्नं कशीही, कोणाशीही व्हावीत, आपल्याच माणसांत फिरून फिरून होऊ नयेत. बाहेरून कोणी मिसळू नये, आतलं कोणी निघून जाऊ नये. कुठल्याही खुणेमुळे जगण्यात कमी-जास्त होऊ नये. आणि खुणा आपोआप बदलू नयेत. एवढ्या अटी पाळल्या तर खुणांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. कॉलेजात आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा, पृथ्वीवर अशी एकही वस्ती नाही, हेही सांगितलं होतं. आम्ही हसलो आणि परीक्षेसाठी अटी पाठ केल्या.

माझं माहेर देवळ्याचं, घरी कांदा. वडील बी घरचंच धरायचे. ते चांगले, एकसारखे कांदे निवडून लावत, शेजारच्या वाणापासून लांब लावत, आणि चार-दोन कांद्यांवर कधी बी धरू नये, वाण बसतो, म्हणजे पिढीगणिक कमजोर होत जातो, असं म्हणत. पाठ केलेल्या अटी मला खऱ्या कळल्या त्या सुट्टीत घरी गेल्यावर, त्या शेताच्या बांधावर. कांद्यात माणूस समतोल मुद्दाम मोडतो, कारण त्याला हवा तो कांदा हवा असतो. डोंगरातल्या माणसांचा समतोल कोणी मुद्दाम मोडलेला नसतो. पाडे लहान, वाटा अवघड, सोयरीक चार गावांच्या पलीकडे जात नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची खूण तिथे टिकून आहे तीही म्हणूनच, आणि ती एकेरी असली तर पूर्वी हिवतापात माणूस जगायचा म्हणून. दुहेरी असली की काय होतं ते तिथल्या दवाखान्यांत बसलेल्या पोरांकडे बघून कळतं.

शहरातल्या माणसाच्या बाबतीत अटी थोड्या मोडल्या तरी उत्तर बदलत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत ते खऱ्या अर्थानं अडलं ते एकदाच.

त्या पाड्यातले काशिनाथ आणि भास्कर हे दोघं चुलतभाऊ. दोघंही पस्तिशीच्या आसपास. दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला नाशिककडे यायचे, भाताच्या लावणीआधी परत जायचे. एका श्रावणात बाजार करून परतताना नदी उतरताना दोघं एकदम वाहून गेले. पलीकडच्या काठावरून लोकांनी पाहिलं होतं. शोध झाला, काही सापडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा गाळात एक सांगाडा निघाला. एकच. अंगावर कपडा नाही, हाताला कडं नाही. पुरुषाचा, साधारण त्या वयाचा, इतकंच डॉक्टर सांगू शकले.

आमच्याकडे मांडीचं हाड आणि एक दाढ आली. सोबत दोन रक्ताचे नमुने, काशिनाथची बहीण हिराबाई आणि भास्करचा भाऊ सोमनाथ यांचे. मला वाटलं, सोपं आहे. ज्याचं रक्त जुळेल त्याचा भाऊ.

हाड जवळजवळ वर्षभर पाण्यात राहिलेलं. घासून, दळून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून जे हाती आलं त्यात काही जागा उमटल्याच नाहीत. ज्या उमटल्या त्या दोघांशीही जुळत होत्या, आणि दोघांशीही पूर्ण जुळत नव्हत्या. मग मी हिराबाई आणि सोमनाथ यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, आणि ते दोघंच मला भाऊ-बहीण वाटायला लागले. नमुने बदलले की काय म्हणून मी ठाण्यात फोन केला. तपास हवालदार मोरे यांच्याकडे होता. शांत, जरा थकल्या आवाजाचा माणूस. ही दोघं एकमेकांची कोण, असं मी विचारलं.

"चुलत बहीण-भाऊ, मॅडम," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि मावस पण."

दोन भावांनी दोन बहिणी केल्या होत्या. म्हणजे काशिनाथ आणि भास्कर यांचे बाप सख्खे भाऊ आणि आया सख्ख्या बहिणी. बापाकडून मुलाला जसाच्या तसा येणारा धागा दोघांचा एकच. आईकडून येणारा धागाही एकच. माणूस ओळखायच्या आमच्याकडच्या दोन वाटा तिथेच बंद झाल्या. त्यातून त्या बहिणी त्या भावांच्या मामाच्याच मुली. आणखी मागे गेलं तर पाड्यातली सगळी घरं दोन-तीन आजोबांवर येऊन थांबत होती.

काही मार्ग निघतो का बघायला मी मोरेंना सांगितलं, घरच्यांशी मला बोलायचंय. असं आम्ही करत नाही. पण ते कोर्टाच्या कामानं नाशिकला येणारच होते, ते जीपमधून तिघांना घेऊन आले. हिराबाई, सोमनाथ आणि काशिनाथची बायको यमुना. प्रयोगशाळेच्या आवारात कडुनिंबाखाली बाक होता, तिथे आम्ही बसलो.

माझी समजूत होती की दोघंही सांगाडा आपल्या भावाचा म्हणतील. झालं उलटं. हिराबाई म्हणाली की हा भास्करच, काशिनाथला पोहता येत होतं, तो पार गुजरातेत निघाला असेल. सोमनाथ मान खाली घालून म्हणाला की हा काशिनाथच असणार, भास्कर अंगानं हलका होता, पाण्यानं त्याला काठाला लावलं असेल. एक सांगाडा सापडला म्हणजे एक माणूस वाचला असणार, असा त्यांचा हिशेब होता, आणि वाचलेला आपला असावा असं प्रत्येकाला वाटत होतं. मयत दोघांनाही दुसऱ्याचं हवं होतं. त्यात मला वावगं काही वाटलं नाही. मीही तेच केलं असतं.

यमुना बाकाच्या टोकाला बसली होती. तिशीतली बाई, हाताच्या बोटांना द्राक्षाच्या औषधाचे डाग, डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला.

मी एकेक विचारत गेले. आईबाप कोणी आहेत का? काशिनाथचे कधीच गेलेले. भास्करचा बापही, आणि भास्करचं लग्न झालेलं नव्हतं. भास्करची आई होती. मुलगा वाहून गेल्यावर तिनं खाणं सोडलं आणि सांगाडा निघायच्या थोडंच आधी, होळीच्या सुमाराला, ती गेली. तिला अग्नी दिलेला, मागे काही उरलेलं नव्हतं. ती तेवढी आणखी जगली असती तर तिच्या बोटातल्या रक्ताच्या एका थेंबानं सगळं सुटलं असतं. आईचं आणि मुलाचं नातं भाऊ-बहिणीच्या नात्यासारखं संदिग्ध नसतं. प्रत्येक जागेवर एक खूण जुळलीच पाहिजे.

मग मी यमुनेकडे वळले आणि विचारलं, "तुम्हाला मूल आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हिराबाई मात्र पटकन म्हणाली, "तेच तर नाय. दुसरी कर म्हनून सांगत हुते मी त्याला." सोमनाथनं तिला गप्प केलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि हा प्रश्न यमुनेला त्या पाड्यात कोणीकोणी कितीदा विचारला असेल. इतक्या लांब, शहरातल्या सरकारी आवारात, तोच पुन्हा विचारला गेला. मूल असतं तर त्याच्यावरून बाप ओळखता आला असता, म्हणून विचारलं, असं मी तिला समजावलं. तिनं मान हलवली. तिला माझं बोलणं कळलं, पण त्यानं बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याच्या वापरातलं काही असेल तर द्या, म्हटल्यावर तिनं पिशवीतून एक शर्ट काढला. निळ्या चौकटीचा, कॉलर विटलेली. काशिनाथ वाहून गेला त्या सकाळी अंगातून काढून खुंटीला लावलेला, तिनं तो धुतला नव्हता. इतके दिवस तसाच ठेवलेला. तो हातात घेताना मला वाटलं, झालं काम.

"भास्कर पन घालायचा त्यो," सोमनाथ म्हणाला. "एकाच आंगनात दोन घरं. कोनाचा कापड कोन घालतो, हिशेब नव्हता."

तरी मी शर्ट घेतला. कॉलरच्या आतल्या बाजूनं, बाह्यांवरून, जिथून मिळेल तिथून नमुने घेतले. त्याच्यावर दोघांपेक्षा जास्त माणसं होती. तीही एकमेकांची इतकी जवळची की कोणती खूण कोणाची, हे सोडवता येईना. जो शर्ट दोघं घालत होते त्यानं दोघांचं मिळून एकच उत्तर दिलं.

राहिला आकडेमोडीचा मार्ग. सख्ख्या भावंडांत खुणा जितक्या जुळतात त्यापेक्षा अशा दुहेरी चुलत भावंडांत कमी जुळतात. त्या फरकावरून अंदाज बांधता येतो. शहरी लोकांवरून तयार केलेल्या तक्त्यांनी हिशेब केला तर पारडं काशिनाथकडे झुकत होतं. थोडंसंच. पण ते तक्ते ज्या अटींवर उभे होते त्यातल्या मुख्य अटीच त्या पाड्याला लागू नव्हत्या. वस्ती मोठी नाही, लग्नं घरातल्या घरात. शहरात क्वचित दिसणारी खूण तिथे प्रत्येक घरात सापडण्याची शक्यता. ती दुरुस्ती धरून हिशेब पुन्हा केला की पारडं परत सरळ व्हायचं. मी तो हिशेब वेगवेगळ्या पद्धतींनी केला. आमच्या साहेबांनी स्वतंत्रपणे केला. ते अतिशय काटेकोर गृहस्थ, त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, आपल्याला हे माहीत नाही. माहीत नाही असंच लिहायचं."

मी लिहिलं. सदर अवशेष दोन्ही कुटुंबांशी निकटचं नातं दर्शवतात, मात्र ते दोघांपैकी कोणाचे आहेत याबाबत निष्कर्ष काढता येत नाही. असं वाक्य आम्हाला लिहावं लागतं आणि शास्त्राच्या दृष्टीनं त्यात कमीपणा नाही. पण त्यावर सही करून खाली चहाला गेले तर कप हातात धरून बसले नुसती. काही खुनांच्या खटल्यांत माझ्या अहवालावर माणसं आयुष्यभर आत गेली आहेत. त्या सह्या करताना मला इतकं जड गेलं नव्हतं.

अहवाल गेल्यावर थोड्या दिवसांनी मोरेंचा फोन आला. अवशेष न्यायला कोणी तयार नाही. हिराबाई म्हणते सोमनाथनं न्यावं, सोमनाथ म्हणतो हिराबाईनं. गावात बैठक झाली, भांडण झालं, उठून गेले. सरकारी दवाखान्याच्या शवागारात ती हाडं पेटीत पडून होती. कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून आम्हीच मूठमाती देऊ, असं मोरे म्हणाले. त्यांना सांगायचं एवढंच होतं. माझ्याकडून त्यांना काही अपेक्षा नव्हती.

त्यानंतर एके दिवशी दुपारी गेटवरच्या शिपायानं निरोप आणला की एक बाई भेटायला आल्यात. यमुना एकटी, एसटीनं आली होती. आत यायला तयार नव्हती, म्हणून मीच खाली गेले. त्याच बाकावर बसलो. पाणी प्यायली. मग तिनं सरळ विचारलं.

"ताई, त्यो काशिनाथ हाय, असं नाय ना तुमी म्हनत?"

मी म्हटलं, नाही म्हणत.

"पन काशिनाथ नाय, असं बी नाय म्हनत?"

"तसंही म्हणता येत नाही."

तिनं पाण्याचा पेला बाकावर ठेवला. मग म्हणाली, "मंग मी नेते त्याला."

मला आधी कळलं नाही. कळल्यावर मी तिला बजावलं. एकदा ताब्यात घेतलं की कागदावर तुझा नवरा मेला. उद्या खरंच परत आला तर काय करशील? हिराबाई तुला आयुष्यभर माफ करणार नाही. तुझ्यावर कोणाची सक्ती नाही, थांब अजून. माझ्यासारख्या बाईनं जे जे सांगावं ते मी सगळं सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

"कोनीतरी न्यायला पायजे ना, ताई," ती म्हणाली. "दोघं बी आमच्याच आंगनातले. भास्कर असला तरी माझ्या हातचंच जेवलेला हाय. पेटीत कसा राहू देऊ?"

मी तिला बसस्थानकापर्यंत रिक्षानं सोडलं. वाटेत ती शहराकडे बघत होती, मी तिच्याकडे. उतरताना तिनं फक्त शर्ट परत मिळेल का विचारलं. तो मुद्देमालात जमा होता, पोलिसांकडूनच मिळाला असता. मी तसं सांगितलं.

तिनं काशिनाथच्या नावानं सगळं केलं. अग्नी, दहावा, तेरावा. हिराबाई आली नाही. माझ्या जित्या भावाला हिनं मारला, असं ती बाजारात चारचौघांत म्हणाली, आणि पुढे दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सरकारी मदतीसाठी मयत ओढून घेतलं, असं बोलणारेही निघाले. सोमनाथचं मात्र उलटं झालं. हाडं काशिनाथची ठरली म्हणजे भास्कर जिवंत, हे त्याच्या मनानं पक्कं धरलं. तो दरवर्षी कामाच्या दिवसांत भावाला शोधत गुजरातेत जायला लागला. ऊसतोडीचे तळ, वीटभट्ट्या, धर्मशाळा. कोणीतरी कुठेतरी तसा माणूस पाहिल्याचं सांगायचं आणि तो निघायचा. त्याचं भात कापायला कोणी राहायचं नाही. हे सगळं मला मोरेंकडून कळत गेलं. कोर्टात साक्षीला गेले की ते भेटायचे आणि न विचारता सांगायचे. त्यांच्या मनातूनही ती गोष्ट सुटली नव्हती.

काशिनाथ किंवा भास्कर, कोणीच परत आलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी आमच्याकडे नवी पद्धत आली. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जागा वाचणारी, खराब झालेल्या हाडातूनही बरंच काही काढणारी. इतक्या जागा वाचल्या की त्या पाड्याचाही गुंता सुटू शकतो, हे मला पहिल्या प्रशिक्षणातच लक्षात आलं. मांडीच्या हाडाचा उरलेला तुकडा आमच्या शीतपेटीत होता. एका नातेवाइकाचा अर्ज आणि पोलिसांचं पत्र, एवढंच हवं होतं.

यमुना तेव्हा नाशिकजवळ एका मळ्यात फुलं तोडायला होती. शेवंती आणि गुलाब. मालकांच्याच आवारातल्या खोलीत राहायची. मी एका रविवारी पत्ता काढून गेले. तिनं मला लगेच ओळखलं, हात धुतले, खोलीतून सतरंजी आणून झाडाखाली टाकली. केस पांढरे व्हायला लागले होते. चहा झाला, आणि मी कशाला आले ते सांगितलं. आता सांगता येईल, म्हटलं. शंभर टक्के.

ती हातातल्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काशिनाथ निघाला तर?" तिनं विचारलं.

"तर तू केलंस ते बरोबर होतं."

"आन नाय निघाला तर?"

मी कप सतरंजीवर ठेवला.

"पयल्या वर्षी कुत्रं भुकलं का उठून बसायचे मी," ती म्हणाली. "दार उघडं ठेवायचे. त्याचे दिवस केले तवापासून झोप लागते. नाय निघाला तर मला पुन्ना दार उघडं ठेवावं लागंल, ताई. आता नाय व्हनार माझ्याच्यानं."

"आणि सोमनाथ?" मी विचारलं. "तो अजून शोधतोय ना?"

"औंदा नाय गेला. गुडघे गेले त्याचे." मग म्हणाली, "त्याला मी सांगीन तुमी आलता ते. पन त्यो बी नको म्हनंल. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त भ्या हाय."

हिराबाईला विचारावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. अर्ज तिनं केला असता, नक्कीच केला असता. परत येताना आडगाव नाक्यापर्यंत मी तोच विचार करत होते. कायद्यानं तिचा हक्क यमुनेइतकाच होता. पण मी स्वतःहून तिच्या दारात जाऊन हा विषय पुन्हा उकरायचा का, याचं उत्तर मला सापडलं नाही, आणि मी गेले नाही. ते बरोबर की चूक, हे आजही मला माहीत नाही. सत्य शोधणं हे माझं काम होतं असं मी निवृत्तीच्या समारंभात म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा यमुनेची सतरंजी आठवत होती.

जुन्या प्रकरणांचा मुद्देमाल परत करायची वेळ आली तेव्हा तो हाडाचा तुकडा आणि निळ्या चौकटीचा शर्ट ठाण्यात परत गेला. मोरे तोवर फौजदार झाले होते. त्यांनी यमुनेला बोलावून दोन्ही वस्तू दिल्या. नदीला पाणी होतं, ती तिथूनच परस्पर नदीवर गेली आणि सोमनाथ काठी टेकत तिच्याबरोबर गेला. मोरेंनी जीपमधून त्यांना सोडलं, म्हणून पुढचं त्यांनी पाहिलं. ज्या उताराशी दोघं वाहून गेले होते तिथे पाड्यावरचा भगत आला होता. त्यानं हळद-कुंकू वाहिलं आणि कोणाच्या नावानं सोडायचं, असं विचारलं. सोमनाथ यमुनेकडे बघत राहिला आणि यमुना पाण्याकडे. भगतानं पुन्हा विचारलं. कोणीच काही बोलेना, तेव्हा त्यानं नाव न घेताच हाड पाण्यात सोडलं आणि दोघांनी एकदम हात जोडले.